आकित्सुने इमामुरा : पुढच्या भूकंपाची वाट पाहणारा शास्त्रज्ञ

जपानच्या दक्षिण किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाशी सुमारे ७०० किलोमीटर लांबीची एक खोल घळ आहे. तिचे नाव नानकाई. फिलिपीन समुद्राखालचा भूपट्ट या घळीपाशी खाली वळतो आणि जपानच्या भूमीखाली सरकत जातो. वेग वर्षाला चार ते सहा सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात त्याहून थोडा जास्त. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो अशा जागेला शास्त्रज्ञ सबडक्शन झोन म्हणतात. जगातले सर्वांत मोठे भूकंप आणि सर्वांत घातक त्सुनामी अशाच पट्ट्यांत जन्मतात.

आज नानकाईवर जितकी यंत्रे रोखलेली आहेत तितकी जगातल्या फार थोड्या समुद्रतळांवर असतील. तळावर केबलने जोडलेले भूकंपमापक आहेत, पाण्याचा दाब मोजणारी उपकरणे आहेत, तळात खणलेल्या खोल विवरांत बसवलेले संवेदक आहेत. या किनाऱ्यावर पुढचा मोठा भूकंप होणार असून त्याआधीच तिथे मोजमापांचे जाळे विणून बसले पाहिजे, हा विचार मात्र केबल आणि संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १९२८ मध्ये एका प्राध्यापकाने स्वतःच्या खिशातले पैसे घालून हे काम सुरू केले. त्यांचे नाव आकित्सुने इमामुरा. तोवर टोकियोच्या बाबतीत त्यांचा एक इशारा खरा ठरला होता आणि त्या खरेपणाची जबर किंमत शहराने मोजली होती.

यंत्रांच्या पिढीतला विद्यार्थी

इमामुरा यांचा जन्म १४ जून १८७० रोजी जपानच्या दक्षिण टोकाजवळच्या कागोशिमा इथला. मेजी राजवटीची ती पहिली वर्षे. जपानने पाश्चात्त्य विज्ञान शिकण्याचा ध्यास घेतला होता आणि टोकियोत आलेल्या ब्रिटिश प्राध्यापकांना देशातल्या भूकंपांनी वेड लावले होते. जॉन मिल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपाची हालचाल नोंदवणारी यंत्रे इथेच घडवली. १८८० मध्ये भूकंपशास्त्राला वाहिलेली जगातली पहिली संस्था जपानमध्ये स्थापन झाली.

इमामुरा विशीत असताना, ऑक्टोबर १८९१ मध्ये, मध्य जपानमधल्या मिनो आणि ओवारी प्रांतांत मोठा भूकंप झाला. सात हजारांवर माणसे दगावली. नव्या पद्धतीने बांधलेल्या विटांच्या इमारती आणि लोखंडी पूलही टिकले नाहीत. पुढच्याच वर्षी सरकारने भूकंपांच्या अभ्यासासाठी एक शाही समिती नेमली. तिचे काम नुसते कुतूहल भागवण्याचे नव्हते. हानी कमी कशी करायची हे शोधणे हा तिचा हेतू होता. इमामुरा टोकियोच्या शाही विद्यापीठात याच वातावरणात शिकले आणि पुढे तिथेच भूकंपशास्त्राच्या विभागात रुजू झाले.

त्या विभागाचे प्रमुख होते फुसाकिची ओमोरी. वयाने इमामुरांपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठे, पण कीर्तीने फार पुढे. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के कसे कमी कमी होत जातात याचा नियम त्यांनी १८९४ मध्ये मांडला होता आणि तो आजही त्यांच्या नावाने शिकवला जातो. त्यांच्या भूकंपमापकांना जगभर मागणी होती. इमामुरा त्यांच्या हाताखाली सहायक प्राध्यापक होते, तेही बिनपगारी. घर चालत असे ते लष्करी शिक्षणसंस्थेत शिकवून.

दोघांत मतभेदाची ठिणगी पहिल्यांदा पडली ती त्सुनामीवरून. १८९६ मध्ये ईशान्य जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर आलेल्या लाटांनी सुमारे २२ हजार माणसांचा बळी घेतला होता. धक्का फार जोराचा जाणवला नव्हता, लाटा मात्र अक्राळविक्राळ होत्या. ओमोरींचा भर खाडीतले पाणी लंबकासारखे हिंदकळण्यावर होता. इमामुरांनी १८९९ मध्ये वेगळे मत मांडले : भूकंपात समुद्राचा तळच वर-खाली होतो आणि त्यावरचे सगळे पाणी ढकलले जाते. आज शाळेतल्या पुस्तकात त्सुनामीचे हेच कारण दिलेले असते. तेव्हा मात्र ते एका कनिष्ठ सहकाऱ्याचे मत होते.

लेख, अफवा आणि बदनामी

सप्टेंबर १९०५ मध्ये ‘ताइयो’ या लोकप्रिय मासिकात इमामुरांचा एक लेख आला. विषय होता शहरात भूकंपाने होणारी जीवितहानी आणि वित्तहानी कमी करण्याचे सोपे उपाय. त्यांनी टोकियोच्या, म्हणजे पूर्वीच्या एदोच्या, इतिहासातले मोठे भूकंप चाळले होते. १६४९, १७०३ आणि १८५५ हे त्यांतले प्रमुख. सरासरी शंभर वर्षांनी एक असा हिशेब निघत होता. शेवटच्याला ५० वर्षे झाली होती. म्हणजे येत्या ५० वर्षांत पुन्हा मोठा धक्का बसू शकतो, तेव्हा तयारीला आतापासून लागावे, असे त्यांचे म्हणणे होते.

लेखातला महत्त्वाचा भाग मात्र आगीचा होता. टोकियोतली घरे लाकडाची. उजेडासाठी घरोघर रॉकेलचे दिवे. धक्क्याने दिवे कलंडतील, एकाच वेळी अनेक ठिकाणी आग लागेल आणि जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटल्यामुळे ती विझवता येणार नाही. तसे झाले तर मृतांचा आकडा एक लाखाच्या पुढे जाईल. म्हणून रॉकेलच्या दिव्यांऐवजी विजेचे दिवे आणावेत, असा अगदी व्यवहारी सल्ला त्यांनी दिला होता.

चार महिने फारसे काही घडले नाही. जानेवारी १९०६ मध्ये एका वृत्तपत्राने हा लेख उचलला आणि उपाय गाळून केवळ मृत्यूचा आकडा ठळक छापला. ते वर्षही नेमके पारंपरिक पंचांगात अग्नी आणि घोडा यांच्या योगाचे, आगीचे म्हणून अशुभ मानले गेलेले. फेब्रुवारीत टोकियोला काही धक्के बसले. त्यातच आता मोठा भूकंप येणार असल्याचे वेधशाळेने कळवले आहे, अशी खोटी बातमी कोणीतरी दूरध्वनीवरून पसरवली. लोक घरे सोडून उघड्यावर आले.

शहर शांत करण्याची जबाबदारी ओमोरींवर आली. त्यांनी त्याच मासिकात लिहून इमामुरांचे भाकीत निराधार ठरवले. त्यांचा शास्त्रीय आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. तीन-चार भूकंपांची सरासरी काढून पुढच्याची मुदत सांगणे कच्चेच होते. आजच्या ज्ञानानुसार तर त्या यादीतले सगळे भूकंप एका जातीचेही नव्हते. १७०३ चा समुद्रातल्या सागामी घळीचा, तर १८५५ चा थेट शहराच्या पोटातला. त्यांची सरासरी काढणे म्हणजे रेल्वेच्या आणि एसटीच्या वेळा एकत्र करून पुढची गाडी कधी येईल हे सांगण्यासारखे. पण भाकितावर टीका करताना आगीची सूचनाही बाजूला पडली. दिव्यांचा आणि नळांचा मुद्दा सरासरीवर अवलंबून नव्हता. तो भूकंप दहा वर्षांनी आला असता किंवा ऐंशी वर्षांनी, तरी खराच होता.

इमामुरांच्या नावापुढे थापाड्या हा शिक्का बसला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टोकियोजवळच्या बोसो द्वीपकल्पात छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. ओमोरी तेव्हा गावाला होते. पत्रकारांनी विचारले तेव्हा इमामुरांनी मोठ्या धक्क्याची शक्यता नाकारली नाही, आणि सावधगिरी बाळगायला सांगितले. मोठा भूकंप झाला नाही. परत आल्यावर ओमोरींनी त्यांना पुन्हा फटकारले. एकाच विभागात, एकाच इमारतीत दोघांनी अशी वर्षे काढली. ओमोरींना भीती होती लोकांत घबराट माजण्याची. त्यांनी १९०६ मध्ये ती डोळ्यांनी पाहिली होती. इमामुरांना भीती होती लोक गाफील राहण्याची. तिचे रूप अजून कोणी पाहिले नव्हते.

१ सप्टेंबर १९२३

ते रूप दिसले शनिवारी, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे असताना. इमामुरा विद्यापीठातल्या आपल्या खोलीत बसले होते. धक्का सुरू झाला तेव्हा सवयीने त्यांनी सेकंद मोजायला सुरुवात केली. पहिल्या हलक्या लहरी आणि नंतरच्या जोरदार लहरी यांमधल्या अंतरावरून भूकंपाचे केंद्र किती दूर आहे हे कळते. हादरे थांबण्याऐवजी वाढतच गेले, छपराची कौले घसरू लागली. ७.९ तीव्रतेच्या या भूकंपाचा उगम सागामीच्या उपसागराखाली होता. फिलिपीन समुद्राचा भूपट्ट टोकियोच्या परिसराखालीही घुसतो, तीच ती जागा.

वेळ जेवणाची होती. घरोघर चुली आणि शेगड्या पेटलेल्या होत्या. आगी एकदम लागल्या, नळ फुटले, वारा जोराचा होता. लिहून ठेवल्यासारखा एकेक मुद्दा खरा होत गेला. होंजो भागात लष्कराच्या जुन्या कपडे-कारखान्याच्या मोकळ्या मैदानात हजारो लोक आपले सामानसुमान घेऊन जमले होते. आगीचा भोवरा तिथे शिरला आणि त्या एका मैदानात सुमारे ३८ हजार माणसे जळाली. विद्यापीठाचे ग्रंथालय राख झाले. टोकियो, योकोहामा आणि आसपास मिळून सुमारे एक लाख पाच हजार माणसे मेली. त्यातली बहुतेक आगीने. इमामुरांनी १८ वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा जवळजवळ तोच होता.

ओमोरी त्या दिवशी ऑस्ट्रेलियात होते. पॅसिफिक देशांच्या विज्ञान परिषदेसाठी गेलेले ओमोरी सिडनीजवळच्या रिव्हरव्ह्यू वेधशाळेत भूकंपमापक पाहत उभे असताना त्याच यंत्राची सुई थरथरू लागली. दूरवर कुठेतरी प्रचंड भूकंप झाला आहे हे त्यांनी ओळखले. तो आपल्याच शहराचा आहे हे थोड्या वेळाने कळले. परतीच्या जहाजावर ते गंभीर आजारी पडले. मेंदूत गाठ झाली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जहाज योकोहामाला लागले तेव्हा त्यांना घ्यायला इमामुरा गेले होते. ओमोरींनी झाल्या प्रकाराची जबाबदारी स्वतःवर घेतली. ८ नोव्हेंबरला, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते गेले.

इमामुरांना प्राध्यापकपद मिळाले, विभाग मिळाला, आणि जपानच्या सर्वांत मोठ्या भूकंपतज्ज्ञाचा मानही. थापाड्या म्हणणारे लोक आता त्यांना भूकंपाचे देव म्हणू लागले. पण दिव्यांची आणि नळांची सूचना लोकांपर्यंत पोहोचवणे साधले नव्हते. सांगणे आणि पोहोचणे यांत फरक असतो, हा धडा त्यांच्या पुढच्या २५ वर्षांच्या कामात दिसत राहतो.

पुढचा भूकंप कुठे?

टोकियोचे ढिगारे उपसले जात असताना इमामुरांची नजर नैऋत्येकडे वळली. नानकाईच्या किनाऱ्यावरच्या भूकंपांचा इतिहास जगात दुसरीकडे क्वचितच मिळेल इतका जुना आहे. मठांच्या रोजनिशा, दरबारी बखरी आणि गावांच्या नोंदी यांतून ६८४ पासूनची मालिका लागते : ८८७, १०९९, १३६१, १४९८, १६०५, १७०७ आणि १८५४. टोकियोच्या यादीपेक्षा ही यादी खूपच भक्कम होती. इथले भूकंप एका जातीचे होते. ते त्याच किनाऱ्याला हादरवत, त्याच खाड्यांत लाटा आणत आणि तीच भूशिरे वर उचलत. कधी पूर्व आणि पश्चिम भाग एकदम फुटत, तर कधी एकापाठोपाठ. १८५४ मध्ये २३ डिसेंबरला पूर्व भाग हलला आणि दुसऱ्याच दिवशी, साधारण ३२ तासांनी, पश्चिम भाग.

इमामुरांना आणखी एक पुरावा सापडला, तो एका बंदरात. शिकोकू बेटाच्या मुरोतो भूशिराजवळ मुरोत्सु हे छोटे बंदर आहे. त्याची देखरेख करणाऱ्या घराण्याने बंदरातल्या पाण्याची खोली मोजून लिहून ठेवली होती. बोटी आत येतील की नाही, गाळ किती काढायचा, एवढाच त्यांचा हेतू. पण त्या आकड्यांतून दिसत होते की १७०७ च्या भूकंपात तिथली जमीन सुमारे १.८ मीटरने आणि १८५४ च्या भूकंपात सुमारे १.२ मीटरने वर आली होती. दोन भूकंपांमधल्या काळात मात्र भूशीर हळूहळू खाली बसत होते. इमामुरांनी या नोंदी १९३० मध्ये प्रसिद्ध केल्या.

भूपट्टांचा सिद्धान्त यायला अजून तीन-चार दशके होती. तरीही त्यांच्या हाती यंत्रणेचा गाभा लागला होता. आज आपण तो असा सांगतो : खाली जाणारा भूपट्ट वरच्या भूमीच्या कडेला चिकटून तिला आपल्याबरोबर ओढत नेतो. कडा वर्षानुवर्षे दबत, वाकत जाते. एक दिवस चिकटलेला भाग सुटतो आणि दाबून धरलेली पट्टी सोडावी तशी कडा उसळून वर येते. भूशीर उचलले जाते ते त्यामुळे, आणि समुद्राचा तळ उचलला जातो म्हणून त्सुनामी येते. इमामुरांना भूपट्ट माहीत नव्हते, पण पट्टी वाकते आहे हे दिसत होते. मग त्यांच्या मनात प्रश्न आला : सुटण्याआधी ती काही खूण देते का? वर्षानुवर्षे समुद्राकडे कलणारी जमीन भूकंपाच्या थोडे आधी उलटी कलू लागते का?

उत्तर हवे असेल तर भूकंपाच्या आधीपासून तिथे असायला हवे. धक्का बसल्यावर पथके पाठवण्याची पद्धत इथे निरुपयोगी होती. हाच विचार इमामुरांच्या योजनेचा कणा.

योजना आणि तिचे भागीदार

टोकियोच्या आपत्तीनंतर १९२५ मध्ये विद्यापीठात भूकंप संशोधन संस्था उभी राहिली होती, पण तिचा भर वेगळा होता. इमामुरांनी १९२८ मध्ये वाकायामा प्रांतात नानकाईच्या भूहालचालींचा अभ्यास करणारे खासगी केंद्र सुरू केले. त्यासाठी स्वतःचा पैसा घातला. मग किई द्वीपकल्पात आणि शिकोकू बेटावर हळूहळू निरीक्षणस्थाने वाढवत नेली. तिथे भूकंपमापके होती आणि जमिनीचा कल टिपणारी उपकरणे होती. १९३१ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले, पण हे काम सुटले नाही. उलट तेच मुख्य काम झाले.

एका माणसाच्या खिशातून एवढ्या लांब किनाऱ्यावर नजर ठेवणे शक्य नव्हते. जमिनीची उंची नेमकेपणाने मोजण्याचे, म्हणजे लेव्हलिंगचे, काम लष्कराच्या भूसर्वेक्षण विभागाकडे होते. रस्त्याकडेच्या दगडी खुणांची उंची एकापासून दुसरीपर्यंत मोजत जायचे आणि काही वर्षांनी तीच वाट पुन्हा मोजायची. फरक मिलिमीटरांत येतो, पण शंभर किलोमीटरवर तो बोलू लागतो. इमामुरा या विभागाच्या मागे लागून ही मोजणी पुन्हा पुन्हा करवून घेत. जुने कागद अभ्यासणाऱ्यांची मदत इतिहासासाठी लागे. भूकंपशास्त्राची जुनी संस्था बंद पडली होती. १९२९ मध्ये ती नव्याने उभी राहिली तेव्हा पहिले अध्यक्ष इमामुरा होते. भौतिकशास्त्रज्ञ, सर्वेक्षक, इतिहासाचे अभ्यासक आणि किनाऱ्यावरची सामान्य माणसे या सगळ्यांचा हात लागल्याशिवाय समुद्राखालचा धोका कळत नाही, हे त्यांच्या कामाच्या मांडणीतच होते.

पाचवीच्या पुस्तकातला धडा

३ मार्च १९३३ च्या पहाटे सानरिकूच्या किनाऱ्यावर पुन्हा त्सुनामी आली. सुमारे तीन हजार माणसे गेली. ३७ वर्षांपूर्वी जी गावे वाहून गेली होती, तीच पुन्हा किनाऱ्याला येऊन वसली होती. इमामुरांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक, गावे उंचावर हलवावीत. दुसरी, मुलांना शाळेतच शिकवावे. मोठी माणसे विसरतात. दोन त्सुनामींमध्ये एक पिढी जाते आणि आठवण तिच्याबरोबर जाते. पुस्तकातला धडा मात्र दर वर्षी नव्या मुलांपुढे येतो.

१९३७ पासून जपानच्या पाचवीच्या वाचनपुस्तकात तसा एक धडा आला. १८५४ च्या नानकाई भूकंपात वाकायामा किनाऱ्यावरच्या हिरो गावात हामागुची गोर्यो या व्यापाऱ्याने कापलेल्या भाताच्या गंज्यांना आग लावली. त्या उजेडाच्या रोखाने अंधारात चाचपडणारे गावकरी उंचावर पोहोचले. नंतर त्याने पदरच्या पैशांनी गावाभोवती सुमारे ६०० मीटर लांबीचा बांध घातला. या घटनेवर लाफकॅडिओ हर्न या लेखकाने इंग्रजीत कथा लिहिली होती आणि धडा तिच्यावरून तयार झाला होता.

इमामुरांना हा धडा फार मोलाचा वाटला, पण त्यातल्या चुकाही त्यांनी पाहिल्या. कथेतला भूकंप मंद, फारसा न जाणवणारा आहे. प्रत्यक्षातला जबर होता. कथेतला गोर्यो म्हातारा आहे. खरा पस्तिशीचा होता. मुलांनी फक्त मंद धक्क्यानंतरच त्सुनामी येते असे समजू नये म्हणून त्यांनी शिक्षकांसाठी वेगळे विवेचन लिहिले. एका नामवंत शास्त्रज्ञाने पाचवीच्या धड्याची बारकाईने तपासणी करावी हे वरवर किरकोळ वाटेल. पण १९०५ चा लेख कसा फिरवला गेला हे ज्याने भोगले, त्याला एका चुकीच्या वाक्याची किंमत ठाऊक होती.

तोच गोर्योचा दिवस, जुन्या जपानी पंचांगातला अकराव्या महिन्याचा पाचवा, पुढे ५ नोव्हेंबर म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला.

युद्धाच्या धुरात

चाळीसच्या दशकात जपान युद्धात गुंतत गेला. माणसे आघाडीवर गेली, कागद आणि सुटे भाग मिळेनासे झाले. इमामुरांची निरीक्षणस्थाने एकेक करून मुकी होऊ लागली. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाचा तगादा मात्र चालू होता. त्यांच्याच आग्रहाने १९४४ च्या अखेरीस भूसर्वेक्षण विभागाचे पथक काकेगावा गावाजवळ लेव्हलिंग करत होते.

७ डिसेंबर १९४४ रोजी दुपारी नानकाईचा पूर्व भाग फुटला. बाराशेच्या वर माणसे गेली. युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपमुळे वृत्तपत्रांत दोन-चार ओळींपलीकडे काही छापले गेले नाही. किनाऱ्यावरचे विमानांचे कारखाने कोसळले होते आणि ते शत्रूला कळू द्यायचे नव्हते.

काकेगावाच्या पथकाच्या वहीत एक चमत्कारिक गोष्ट होती. एकच अंतर जाताना आणि येताना मोजले तर उत्तर जुळायला हवे. ६ आणि ७ डिसेंबरच्या मोजणीत ते काही मिलिमीटरने जुळत नव्हते. जणू मोजणी चालू असतानाच जमीन कलत होती. इमामुरा ज्या उलट्या कलाच्या शोधात होते तोच हा असावा, असा अर्थ पुढे काही शास्त्रज्ञांनी लावला. ती मोजमापातली चूकही असू शकते, असे इतर म्हणतात. वाद मिटलेला नाही. पण त्या एका वहीच्या आधाराने जपानने १९७८ मध्ये तोकाई भागासाठी भूकंपाचे भाकीत करण्याचा मोठा सरकारी कार्यक्रम आखला.

पूर्व भाग फुटला, आता पश्चिमेचा. १८५४ मध्ये दोहोंत ३२ तास गेले होते. या वेळी इमामुरा इशारे देत राहिले, पण देश हरला होता, शहरे जळाली होती, आणि त्यांची यंत्रे जवळजवळ बंद होती. २१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे पश्चिम भाग हलला. तेराशेच्या वर माणसे गेली. मुरोतो भूशीर पुन्हा मीटरभराहून जास्त वर आले. भूकंप झाला तो इमामुरांनी सांगितलेल्या जागी, त्यांनी सांगितलेल्या प्रकारे. मात्र ज्या क्षणासाठी जाळे विणले होते त्या क्षणी जाळे नव्हते. १८ वर्षांचे श्रम फुकट गेल्याची खंत त्यांनी बोलून दाखवली.

पण हिरो गावी गोर्योचा बांध उभा होता. १९४६ च्या लाटेपासून त्याने गावाचा बहुतेक भाग वाचवला.

इमामुरा त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले. १ जानेवारी १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. वय ७७ वर्षे.

अर्धवट राहिलेले काम

१९६० च्या दशकात भूपट्टांचा सिद्धान्त आला आणि इमामुरांच्या विखुरलेल्या निरीक्षणांना घर मिळाले. मुरोत्सु बंदरातल्या आकड्यांवरून १९८० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एक नमुना मांडला : मागच्या भूकंपात जमीन जितकी जास्त उसळली, तितकी पुढच्या भूकंपाची प्रतीक्षा लांब. १७०७ नंतर १४७ वर्षे, १८५४ नंतर ९२ वर्षे. नानकाईच्या पुढच्या भूकंपाचे सरकारी अंदाज बराच काळ याच नमुन्यावर बेतलेले होते. त्या जुन्या मोजणीत चूक किती धरायची, यावर आजही चर्चा चालते.

२००७ पासून चिक्यू या जहाजाने नानकाईच्या तळात खोल विवरे खणायला सुरुवात केली. अनेक देशांच्या शास्त्रज्ञांचा हा एकत्रित कार्यक्रम होता. २०११ च्या सुमारास किई द्वीपकल्पासमोर समुद्रतळावर केबलने जोडलेली निरीक्षणस्थाने सुरू झाली, नंतर पश्चिमेकडे जाळे वाढले. इमामुरांची स्थाने जमिनीवर होती. चिकटलेला भाग समुद्राखाली आहे. यंत्रे आता तिथे पोहोचली आहेत.

भूकंपाची वेळ अचूक सांगता येईल ही आशा मात्र मावळली. २०१७ मध्ये जपान सरकारने ते मान्य केले आणि वेगळी पद्धत स्वीकारली. ८ ऑगस्ट २०२४ रोजी क्यूशू बेटाजवळ ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा पहिल्यांदाच नानकाईसाठी विशेष सूचना निघाली : मोठ्या भूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे, होईलच असे नाही, आठवडाभर सावध राहा. लोकांनी पाणी आणि कोरडे अन्न भरून ठेवले, काही समुद्रकिनारे बंद झाले, सहली रद्द झाल्या. आठवडा सरला, भूकंप झाला नाही, सूचना मागे घेतली गेली. १९०६ मध्ये जी अनिश्चितता जाहीरपणे बोलणे बेजबाबदारपणा मानले गेले, तीच ११८ वर्षांनी सरकारने स्वतः जाहीर केली, आणि शहरे रस्त्यावर आली नाहीत.

भारतासाठी ही गोष्ट परक्या देशाची नाही. आपल्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत सबडक्शन झोन आहेत. पूर्वेला अंदमान-सुमात्राचा पट्टा, जिथून २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली. पश्चिमेला पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतचा मकरान. इमामुरांच्या दोन नानकाई भूकंपांच्या मधल्या वर्षात, २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे, मकरानचा मोठा भूकंप झाला आणि काही तासांनी त्याच्या लाटा मुंबईच्या किनाऱ्याला लागल्या. मुंबईतही माणसे बुडाली. आज हैदराबादच्या राष्ट्रीय केंद्रातून २००७ पासून हिंदी महासागरासाठी त्सुनामीचे इशारे दिले जातात. पण मकरानच्या जुन्या भूकंपांची यादी नानकाईसारखी लांब आणि सलग नाही. तिथे किती वर्षांनी काय होते हे सांगणाऱ्या मुरोत्सुसारख्या वह्या नाहीत. त्यामुळे किनाऱ्यावरच्या वाळूचे थर, जुन्या बंदरांच्या नोंदी आणि समुद्रतळावरची यंत्रे यांवर अनेक देशांनी मिळून काम करण्याची गरज इथे अधिकच आहे.

अशा कामाची अडचण इमामुरांच्या आयुष्यात स्वच्छ दिसते. सबडक्शन झोनचा एक फेरा शंभर-दीडशे वर्षांचा असतो आणि संशोधकाची कारकीर्द तीस-चाळीस वर्षांची. एका माणसाच्या पैशावर आणि जिद्दीवर उभे केलेले जाळे त्या माणसाच्या म्हातारपणी, किंवा एखाद्या युद्धात, तुटतेच. बंदराची खोली मोजणाऱ्या घराण्याने मात्र पिढ्यानपिढ्या वही लिहिली आणि गोर्योचा बांध ८८ वर्षांनी कामाला आला. नानकाईचा पुढचा भूकंप अजून यायचा आहे. तो येईल तेव्हा समुद्राच्या तळाशी कोणीतरी मोजत असेल, एवढी सोय आता झाली आहे.